वाचकांचे प्रश्न : बुडणारा भूपट्ट वितळतो का?

प्रश्न : एक भूपट्ट दुसऱ्याखाली सरकतो, घर्षणाने वितळतो आणि ज्वालामुखी तयार होतो, असं वाचलं होतं. मग टकरीतूनच उभ्या राहिलेल्या हिमालयात ज्वालामुखींची रांग का नाही?

उत्तर : घर्षणाची कल्पना आधी सोडून द्या. खाली जाणारा सागरी भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कठीण बाह्य थराचा समुद्राखालचा तुकडा, भोवतालच्या प्रावरणापेक्षा (त्या थराखालच्या तप्त खडकापेक्षा) थंड असतो आणि बहुतेक ठिकाणी घनच राहतो. वितळतं ते त्याच्या वरचं प्रावरण, आणि तेही पाण्यामुळे. समुद्रतळाच्या खडकांत सर्पेंटाइनसारखी खनिजं असतात. त्यांच्या रचनेतच पाणी बांधलेलं असतं. भूपट्ट सुमारे १०० किलोमीटर खोल जाईपर्यंत दाब आणि उष्णतेने ही खनिजं मोडतात. सुटलेलं पाणी वर शिरलं, की प्रावरणाचा वितळणबिंदू काहीशे अंशांनी उतरतो. म्हणजे तापमान न वाढताही खडक वितळू लागतो.

हे नकाशावर पडताळता येतं. भूपट्ट तीव्र कोनात बुडत असेल तर ज्वालामुखींची रांग सागरी गर्तेच्या (भूपट्ट बुडू लागतो तिथल्या समुद्रातल्या खोल खाईच्या) जवळ असते, कोन कमी असेल तर लांब. कोन फारच कमी झाला तर रांगच तुटते. मध्य पेरूखाली पॅसिफिकच्या तळाचा नाझ्का भूपट्ट जवळजवळ आडवा सरकतो; मध्ये तापलेल्या प्रावरणाला जागाच उरत नाही, म्हणून तिथे आज जागृत ज्वालामुखी नाही. दक्षिण पेरूत कोन वाढतो, आणि लगेच एल मिस्तीसारखे ज्वालामुखी दिसू लागतात.

हिमालयात आता दोन्ही बाजूंना, भारताकडे आणि आशियाकडे, खंडीय कवच आहे. ते हलकं असल्याने सागरी भूपट्टासारखं खोल बुडत नाही, आणि पाणी पुरवणारा समुद्रतळही उरलेला नाही. टकरीआधी मात्र या दोघांमधल्या टेथिस समुद्राचा तळ आशियाखाली जात होता आणि तिथे ज्वालामुखी होते. त्यांच्या खाली साचून गोठलेला शिलारस आज लडाखच्या ग्रॅनाइटच्या रूपात उघडा पडला आहे. ज्यांना जमेल त्यांनी तो जरूर पाहावा.

प्रश्न : भूपट्ट एकमेकांपासून दूर जातात तिथे बुडणारं काहीच नसतं. तिथे शिलारस कसा तयार होतो?

उत्तर : दाब कमी झाल्याने. फटीखालचं तप्त प्रावरण वर येतं, त्याच्यावरचा भार घटतो आणि त्याचा काही भाग वितळतो. त्यातून बेसाल्ट बनतो. त्यात सिलिका साधारण ५० टक्के, त्यामुळे तो पातळ असतो आणि वायू सहज निसटतात. बुडत्या भूपट्टांवरच्या ज्वालामुखींत बहुधा अँडेसाइट हा खडक बनतो; त्यात सिलिका ६० टक्क्यांच्या आसपास असते. तो चिकट शिलारस वायू कोंडून ठेवतो, म्हणून बुडत्या भूपट्टांवरचे उद्रेक बहुधा जास्त स्फोटक होतात.