कॅलिबर बदलण्याआधी कार्डाची मुदत पाहा

टेक्सासमधील एका वाचकांनी विचारले आहे की, त्यांच्या .२२३ कॅलिबरच्या (कॅलिबर म्हणजे नळीच्या आतील व्यास, इंचात) एआर-१५ या सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे प्रत्येक गोळीनंतर पुढचे काडतूस आपोआप चढवणाऱ्या, रायफलीसाठी ६.५ ग्रेंडेल (६.५ मिलिमीटर) या काडतुसाचा अपर, म्हणजे नळी असलेला वरचा भाग, घ्यावा की .३०० ब्लॅकआउट या काडतुसाचा. हरीण आणि रानडुक्कर या दोन्हींच्या शिकारीसाठी त्यांना एकच रायफल वापरायची आहे आणि त्यासाठी २,५०० डॉलर बाजूला ठेवले आहेत. पत्राच्या शेवटी ते लिहितात की, रायफल आणि उष्णतेवरून सावज दाखवणारी थर्मल दुर्बीण मिळून ३,६०० डॉलरची खरेदी त्यांनी दुकानाच्या कार्डावर ‘बारा महिने बिनव्याजी’ योजनेत केली, दरमहा १२० डॉलर भरले आणि आता दोन महिने उरले आहेत.

माझे उत्तर त्या शेवटच्या वाक्यालाच आहे. दहा हप्त्यांत आपण १,२०० डॉलर फेडले. २,४०० बाकी आहेत. आपण सोबत पाठवलेल्या अटींनुसार व्याज माफ झालेले नाही, केवळ पुढे ढकललेले आहे, आणि मुदत संपताना थोडीशी रक्कम जरी थकीत राहिली, तरी खरेदीच्या दिवसापासूनचे सर्व व्याज एकदम खात्यावर चढेल. वार्षिक दर ३० टक्के आहे. वर्षभराची सरासरी थकबाकी २,९०० धरली, तर हा आकडा ९०० डॉलरच्या आसपास जातो. आपला १२० चा हप्ता तसाच चालू राहिला, तर मुदतीनंतर सुमारे ३,०६० डॉलर देणे राहील आणि प्रत्येक हप्त्यातील ७५ डॉलर निव्वळ व्याजात जातील. अशा कर्जाला विक्रेत्याने बिनव्याजी म्हणणे ही ग्राहकाची दिशाभूल आहे, आणि बारा महिन्यांत फिटणारच नाही असा हप्ता सुचवणे त्याहून वाईट आहे.

म्हणून बाजूला ठेवलेल्या रकमेतील २,४०० डॉलर याच आठवड्यात कार्डावर भरा, शिल्लक शून्य झाल्याचे लेखी पाहा आणि नवा अपर त्या कार्डावर मुळीच घेऊ नका.

आता आपला प्रश्न. रायफलीचा अनुक्रमांक लोअरवर, म्हणजे घोडा असलेल्या खालच्या भागावर, असतो, त्यामुळे अपर स्वतंत्रपणे विकत घेता येतो आणि दोन पिना काढून मिनिटभरात बदलता येतो, हे खरे. पण खर्च तेवढ्यावर थांबत नाही. ग्रेंडेलला नळीबरोबर बोल्ट (काडतुसामागे नळी बंद करणारा भाग) आणि मॅगझिनही (काडतुसे भरायची पेटी) वेगळे लागते. अपर ७००, मॅगझिन ६०, दुसरी दुर्बीण व ती रायफलीवर बसवायचा माउंट ५००, नेम बसवण्यासाठी आणि सरावासाठी २०० काडतुसे ३००: एकूण १,५६० डॉलर. एवढ्या पैशांत .३०८ ची साधी बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल (प्रत्येक गोळीनंतर बोल्ट हाताने ओढावा लागणारी) दुर्बिणीसह येते आणि बरेच पैसे उरतात. शिवाय पेनसिल्व्हेनियासारख्या, हरणासाठी सेमी-ऑटोमॅटिक रायफल न चालणाऱ्या राज्यातही ती वापरता येते. ‘नको झाला तर अपर विकून पैसे परत मिळतील’ ही आपली अपेक्षा सोडून द्या. वापरलेल्या नळीला कोणी पूर्ण किंमत देत नाही, आणि झाडलेली काडतुसे तर परत मिळतच नाहीत.

या हंगामात आपल्याला नव्या कॅलिबरची गरजही नाही. टेक्सासमध्ये हरणासाठी .२२३ चालते, सरावाची पूर्ण आवरणाची गोळी सोडून शिकारीसाठी बनवलेली बाँडेड (आवरण गाभ्याला पक्के जोडलेली) किंवा तांब्याची गोळी घ्या, अंतर १५० यार्डांच्या आत ठेवा आणि खांद्यामागची जागा स्पष्ट दिसल्याशिवाय गोळी झाडू नका. वीस काडतुसांची पेटी साधारण ४० डॉलरला येते, म्हणजे उरलेल्या १०० डॉलरमध्ये दोन पेट्या बसतात.

कार्ड फिटल्यावर तेच १२० डॉलर दरमहा साठवले, तर वर्षात १,४०० च्या वर जमतील. तोवर कोलोरॅडोत शिकारीला जायचा बेत पक्का झाला, तर ग्रेंडेलचा विचार योग्य ठरेल, कारण तिथे मोठ्या शिकारीसाठी किमान .२४ कॅलिबर लागते आणि सेमी-ऑटोमॅटिक रायफलीत चेंबरमधले (नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसते ती जागा) धरून सहाहून अधिक काडतुसे चालत नाहीत. शिकार टेक्सासमधील जवळच्या अंतरावरच्या रानडुकरांचीच राहिली, तर .३०० ब्लॅकआउट स्वस्त पडेल, कारण बोल्ट व मॅगझिन तेच चालते. मात्र त्याचे काडतूस .२२३ च्या चेंबरमध्ये बसू शकते आणि झाडल्यास रायफल फुटते, म्हणून त्याची मॅगझिन वेगळ्या रंगाची घ्या आणि दोन्ही प्रकारची काडतुसे एकाच पिशवीत कधीही नेऊ नका.