पगाराची तारीख

चि.,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या गेमचा डेमो काल खेळून पाहिला. बावडीत पायरी पायरी उतरणारी ती मुलगी आणि तिच्याबरोबर खाली-वर होणारं पाणी! यातलं मला फारसं कळत नाही, तरी साडेबारापर्यंत बसलो आणि काकूची बोलणी खाल्ली. गेमबद्दल मी काही शिकवावं असं नाही. लिहितोय ते तू सोबत पाठवलेल्या दुसऱ्या फाइलबद्दल, म्हणजे स्टुडिओ वाढवायच्या तुझ्या बेताबद्दल. चाराचे चौदा जण, राजेंद्रनगरची गच्चीवरची खोली सोडून विजयनगरला ऑफिस, आणि सगळी भिस्त परदेशी पब्लिशरच्या, म्हणजे पैसे लावून गेम बाजारात आणणाऱ्या कंपनीच्या, हप्त्यांवर.

मी हिशेब तपासणारा माणूस. गावातल्या छोट्या सॉफ्टवेअरवाल्यांची खाती माझ्याकडे असतात, त्यामुळे मला स्टुडिओ दिसतो तो पगाराच्या रजिस्टरमधून. तिथून दिसतं ते असं, की पडलेल्या गेमपेक्षा गाजलेल्या गेमनंतर जास्त सांभाळावं लागतं.

टेलटेल गेम्सचंच बघ. लुकासआर्ट्स या गेम कंपनीनं 2004 मध्ये एक गेम मधेच बंद केला, तेव्हा तिथून बाहेर पडलेल्या मंडळींनी कॅलिफोर्नियात हा स्टुडिओ काढला. भागाभागांनी गोष्ट सांगायची, ही त्यांची खासियत. 2012 मध्ये त्यांचा ‘द वॉकिंग डेड’ आला आणि त्या वर्षीचे मोठे पुरस्कार घेऊन गेला. मग काय, बॅटमॅन, गेम ऑफ थ्रोन्स, माइनक्राफ्ट, जे नाव मिळेल त्यावर त्याच साच्यातला गेम. माणसं वाढत गेली. गोष्टीतली पात्रं दुसऱ्यांची, म्हणजे कमाईत त्यांचा वाटा आलाच. गेम बनवण्याचं त्यांचं सॉफ्टवेअर जुनं झालं होतं, पण एक भाग संपला की दुसऱ्याची तारीख डोक्यावर, मग ते बदलायचं कधी? नोव्हेंबर 2017 मध्ये 90 जणांना काढलं, म्हणजे चौथा हिस्सा. 21 सप्टेंबर 2018 ला उरलेल्यांतले सुमारे अडीचशे एकाच दिवशी घरी गेले. नुकसानभरपाई नाही, आरोग्य विमा फक्त महिनाअखेरपर्यंत. शेवटच्या ‘वॉकिंग डेड’चा पहिला भाग तेव्हा बाजारात आला होता, दुसरा चार दिवसांवर होता. येणार म्हणून धरलेला पैसा आयत्या वेळी आला नाही.

त्या अडीचशेंना आदल्या आठवड्यात कुणी काही सांगितलं असतं तर? मला राग येतो तो याचा. धंदा बसतो, त्यात लाज नाही.

आता तुझा करारनामा. हप्ते टप्प्याटप्प्यानं आहेत. टप्पा म्हणजे काय ते नीट वाच. तू बिल्ड, म्हणजे तोवर झालेला गेम, पाठवणार, त्यांचा माणूस तो तपासणार, ‘मेनूतले फॉन्ट बदला’ म्हणून परत पाठवणार, तू पुन्हा देणार, त्यानं मान्य केलं की मग तू बिल लावणार, आणि बिलानंतर तीस दिवसांनी पैसे. मधे नाताळच्या सुट्ट्या आल्या तर त्या वेगळ्या. पगाराची एक तारीख मात्र फॉन्टसाठी थांबत नाही. इथल्याच एका स्टुडिओत हे मी जवळून पाहिलं. मोबाइल गेम चालला, काचेचं ऑफिस घेतलं, कॉफीचं मशीनसुद्धा ईएमआयवर. दुसऱ्या गेमचा एक टप्पा अडकला आणि दोन पगार लांबले. मालक पोरगा चांगला होता. रोज सगळ्यांना ‘हो जाएगा’ सांगायचा. ही आपली इंदुरी खोड. तीन महिन्यांनी कॉम्प्युटर जेल रोडवर विकायला गेले, आणि मशीनचे हप्ते त्यानंतरही चालूच होते.

विक्रीच्या रकान्यात तू पूर्ण किंमत धरली आहेस, ती आधी खोडून टाक. शंभराच्या विक्रीतले तीस स्टीम, म्हणजे गेम विकणारं ते ऑनलाइन दुकान, ठेवतं. अमेरिकेतल्या विक्रीवर तिथला कर कापला जातो. चौदा दिवसांत, दोन तासांहून कमी खेळलेला गेम गिऱ्हाईक परत करू शकतं, आणि तुझा गेम अडीच तासांचा आहे, हे विसरू नकोस. उरलेल्यातून पब्लिशर आधी आपली आगाऊ रक्कम वसूल करणार. करारातलं सातवं कलम तेच म्हणतं. तोवर तुझ्या हिश्शाला शून्य.

तू ‘राजी’ या गेमचं नाव घेशील. पुण्याच्या पोरांची 2017 मधली किकस्टार्टर मोहीम, म्हणजे इंटरनेटवर लोकांकडून पैसे जमवायची खटपट, फसली, तरी 2020 मध्ये गेम आला. कौतुकच आहे. पण मधल्या काळात भाडं कुणी भरलं, हे त्यांचं कौतुक करणारे विचारत नाहीत. तू विचार.

माझं ऐकशील तर चौदा नको, सहा. दोन जणांनी बाहेरच्या कंपन्यांचं थ्रीडीचं काम घ्यावं. कंटाळवाणं असतं, पण पैसे वेळेवर येतात. सहा महिन्यांचे पगार वेगळ्या खात्यात, त्याला हात लावायचा नाही. त्यात तीन महिने उरले की सगळ्यांना बोलावून आकडा दाखवायचा. काहीजण सोडून जातील. जाऊ देत, त्यांना नोकरी शोधायला वेळ तरी मिळेल.

आणि करारात एक कलम घालून घे. पब्लिशर बंद पडला किंवा त्यानं प्रकल्प सोडला, तर गेमचे हक्क तुझ्याकडे परत. ते याला खळखळ करतील, तरी धर. तुझी पात्रं तुझी आहेत, टेलटेलला हे भाग्य नव्हतं.

रविवारी करारनामा घेऊन ये, छापील आण, मला स्क्रीनवर वाचवत नाही. अकराच्या आत ये, नंतर आम्हाला सानंदच्या नाटकाला जायचंय. पोहे काकू करेल, जिलबी येताना तू आण.

तुझा,
काका