चोपदाराचा चोप आणि वाजत राहिलेले टाळ

चि. लेकीस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

आषाढीच्या निमित्ताने तुझ्या कंपनीतल्या भारतीय मंडळींनी तुला ‘वारी आणि नेतृत्व’ या विषयावर बोलायला सांगितले आहे, आणि त्यावरून तू विचारले आहेस की, लाखो माणसे चालत असताना त्यांचा बॉस नक्की कोण असतो आणि सणावारांतून ऑफिसचे धडे काढणे हा ओढूनताणून केलेला प्रकार नाही का. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते: बहुतेक वेळा असतोच. गणपतीच्या कानांवरून ‘सर्वांचे ऐकून घ्या’ आणि दहीहंडीच्या थरांवरून ‘संघभावना जोपासा’ असे सांगणारी भाषणे इथल्या मंडळाच्या कार्यक्रमांत मी पुष्कळ ऐकली आहेत, पण त्यांमुळे आमच्या कार्यकारिणीच्या बैठकीत कोणी कोणाचे ऐकून घेतल्याचे मला आठवत नाही. वारीचे तसे नाही. इतक्या माणसांना रोज पुढच्या मुक्कामाला न्यायचे, जेवू घालायचे, त्यांच्या निजण्याची सोय पाहायची आणि त्यांची भांडणे मिटवायची, हे काम तिथे प्रत्यक्ष करावे लागते आणि त्याच्या रीती ठरलेल्या आहेत.

आळंदीहून पंढरपूरला जाणाऱ्या ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीची आजची घडी हैबतबाबा आरफळकरांनी १८३२ च्या सुमारास बसवली. ते सातारा भागातल्या आरफळचे आणि शिंद्यांच्या पदरी सरदार होते. फौज कशी हलवायची हे त्यांना ठाऊक होते आणि त्या घडीत ते दिसतेही. रथापुढे २७ दिंड्या, बाकीच्या रथामागे, प्रत्येकीचा क्रमांक ठरलेला, आणि सुमारे २५० किलोमीटरच्या वाटेवर तो क्रम मोडायचा नाही. दिंडीत पताका घेतलेले वारकरी, टाळकरी, मृदंग वाजवणारे आणि विणेकरी असतात, तुळशीवृंदावन डोक्यावर घेतलेल्या बायका असतात; सामानाचा ट्रक आधीच पुढच्या तळावर गेलेला असतो, तिथे राहुट्या ठोकल्या जातात आणि वारकऱ्यांनी भरलेल्या भिशीच्या पैशांतून स्वयंपाक होतो. तेव्हा तुझ्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की, लाखांचा बॉस कोणीच नसतो. माणूस आपल्या दिंडीला बांधलेला असतो, दिंडी आपल्या क्रमांकाला, आणि सोहळा चालवणाऱ्यांना लाखांशी नव्हे, दिंड्यांशी बोलावे लागते.

परंतु तुझ्या कामाची खरी गोष्ट मुक्कामाच्या तळावर घडते. पालखी तळावर आली की सगळ्या दिंड्या तिच्याभोवती गोलाकार उभ्या राहतात आणि समाजआरतीची, म्हणजे सगळ्यांच्या एकत्र आरतीची, तयारी होते. त्या वेळी शेकडो टाळ आणि मृदंग एकदम वाजत असतात, इतके की शेजारच्याचे बोलणे कानावर पडत नाही. मग सोहळ्याची शिस्त राखणारा चोपदार हातातला चोप, म्हणजे मानाचा दंड, उंच करतो आणि सगळा कल्लोळ थांबतो. मात्र ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती आपले टाळ वाजवणे थांबवत नाही. कॉलेजात असताना तुझ्या आजीबरोबर मी सासवडहून जेजुरीपर्यंत चालले होते, तेव्हा भंडाऱ्याने पिवळ्या झालेल्या त्या तळावर मी हे स्वतः पाहिले. सगळीकडे शांतता झाली आणि डाव्या अंगाला रथामागच्या एका लहानशा दिंडीचे टाळ तेवढे वाजत राहिले. चोपदाराने त्यांना पुढे बोलावले नाही की हात करून गप्पही केले नाही. तो गर्दीतून वाट काढत स्वतः त्यांच्यापाशी गेला. पाण्याचा टँकर त्यांच्या राहुट्यांपाशी न थांबता पुढे निघून गेला होता, एवढीच तक्रार होती. ती ऐकली गेली, टँकर पाठवण्याचे ठरले, आणि मगच ते टाळ थांबले. त्यानंतर वाटेत हरवलेल्या आणि सापडलेल्या वस्तू पुकारल्या गेल्या, दुसऱ्या दिवशी निघण्याची वेळ सांगितली गेली आणि आरती झाली. दिवसभर चाललेले, भुकेलेले हजारो लोक तोवर उभे होते, पण ‘यांचे काय ते नंतर बघू’ असे कोणी म्हटले नाही, कारण टाळ वाजत असताना आरती सुरूच होऊ शकत नाही.

यात नेतृत्वाचा भाग कोणता, असे तू विचारशील. चोपदार दयाळू असतो म्हणून तो ऐकतो, असे मला वाटत नाही. काही चोपदार चांगलेच खमके असतात. त्याला ऐकावेच लागते, अशी रीत आहे. तक्रार करायला परवानगी लागत नाही, ती सर्वांदेखत होते, आणि ती मिटल्याशिवाय दिवस संपत नाही. तुमच्याकडे वर्षातून एकदा फॉर्म भरून घेतात आणि त्याचे पुढे काय झाले ते कोणाला कळत नाही, असे तूच सांगितले होतेस.

आणखी एक गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. टाळ सगळी दिंडी वाजवते, त्यामुळे ज्याला पाणी मिळाले नाही त्याला एकट्याने उभे राहून ओरडावे लागत नाही आणि उद्या त्याच्याकडे कोणी बोट दाखवत नाही. तुझ्या टीममधल्या नव्या मुलाला सर्वांसमोर ‘तुला काही अडचण आहे का’ असे विचारलेस, तर तो ‘नाही’ म्हणेल. तेच त्यांना तिघातिघांत बसून अडचणी ठरवू दिल्या आणि त्या गटाच्या म्हणून मांडायला सांगितल्या, तर अधिक खरे कळेल.

वारीतले सगळेच उचलावे असे मात्र नाही, हेही भाषणात सांग. तिथले पुष्कळसे मान वंशपरंपरेने चालतात, आणि दिंड्यांच्या क्रमावरून व मानावरून वादही होतात. ऑफिसात हे नेलेस तर लोक तुला घरी पाठवतील, आणि ते योग्यच ठरेल. उलट विणेकऱ्याची रीत घेण्याजोगी आहे: वीणा जमिनीवर ठेवायची नसते, म्हणून थकलेला विणेकरी ती दुसऱ्याच्या गळ्यात घालतो आणि दोघे एकमेकांच्या पाया पडतात, मग एक सत्तरीचा आणि दुसरा विशीचा का असेना. रजेवर जाताना काम सोपवायची वेळ आली की हे आठव.

रिंगणाच्या अश्वावर फार वेळ घालवू नकोस. ते दृश्य पाहायला फार सुंदर आहे, पण त्यातून ज्याला जे हवे ते तो काढतो. मिळालेल्या वेळात फक्त समाजआरती नीट सांगितलीस तरी पुष्कळ होईल. मंडळी प्रश्न विचारतीलच, आणि त्यांतले जे अडेल ते मला शनिवारी फोनवर विचार.

तुझी,
आई