त्याला गाडीत बसवून देऊ नका

प्रश्न : संगमेश्वर तालुक्यात एसटी स्टँडसमोर आमचं चहाचं हॉटेल आहे. शिमग्यापासून एक चाळिशीचा माणूस स्टँडवर झोपतो. मराठी येत नाही, एकटाच पुटपुटतो, पायाला जखम आहे. मी रोज चहा देतो. पाऊस तोंडावर आला. गावातले म्हणतात, वर्गणी काढून रेल्वेत बसवून देऊ, जाईल कुठेतरी. ताई, मला ते पटत नाही. काय करू?

उत्तर : दादा, अजिबात बसवून देऊ नका. रात्रीत तो मंगळूरला नाहीतर पनवेलला पोचेल आणि घरचे शोधत असतील तर त्यांच्यापासून आणखी तुटेल. मनोरुग्णांच्या वॉर्डात नर्स होते, तेव्हा असे कितीतरी जण पाहिले. घरदार असलेले, आजारात भरकटून भलत्याच गाडीत चढलेले.

आधी जखम. १०८ला फोन करा, घरगुती औषध लावू नका.

मग पोलीस ठाणं. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम १०० पोलिसांसाठीच आहे. अशा माणसाला संरक्षणात घेऊन २४ तासांच्या आत सरकारी रुग्णालयात न्यायचं, कोठडीत ठेवायचं नाही, बेघर असेल तर हरवल्याची नोंद करून नातेवाईक शोधायचे. ‘आमचं काम नाही’ म्हणाले, तर कलमाचा उल्लेख करून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. प्रादेशिक मनोरुग्णालय रत्नागिरीतच आहे, राज्यातल्या चारांपैकी एक.

तोवर तुम्ही रोज चहा देता, ते फार मोलाचं आहे. पण पेला लांबून सरकवू नका, हातात द्या. घाईनं नाव विचारू नका, पोलिसासारखे प्रश्न केले की घाबरलेला माणूस गप्प होतो. तो काय पुटपुटतो ते ऐका. एखादं स्टेशन, नदी, देऊळ, मुलाचं नाव कानावर पडलं की वहीत टिपून ठेवा. त्याची भाषा कळणारा कुणी ट्रकवाला, चिऱ्याच्या खाणीवरचा कामगार आला, तर दोन मिनिटं बसवा त्याच्याजवळ. माझ्या अनुभवात गावाचा पत्ता असाच लागतो. फोटो काढलात तर फक्त पोलिसांना द्या, व्हॉट्सॲपवर फिरवू नका. केस जबरदस्तीनं कापू नका.

कर्जतला डॉ. भरत वाटवानींची श्रद्धा संस्था रस्त्यावरच्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना घरी पोचवते. याच कामासाठी २०१८ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. कुडाळजवळ पणदूरला जीवन आनंद संस्थेचा संविता आश्रम निराधारांना सांभाळतो. दोन्हीकडे आधी फोन करा, जागा विचारा, पोलिसांचं पत्र सोबत ठेवा.

त्याच्याशी कसं बोलावं हे कळेना झालं, तर १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर फिरवा. तो मोफत आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं.