इंग्लंडमधल्या फोक क्लबात नवख्या माणसाने जावे का, आणि तिथे मराठी गाणे म्हटलेले चालेल का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: नोकरीनिमित्त आपण यॉर्कशरमधल्या एका लहान गावी आला आहात, तिथल्या पबबाहेर 'फोक क्लब, दर गुरुवारी, माडीवर' अशी, म्हणजे लोकगीते गाणाऱ्यांच्या बैठकीची, पाटी आपण पाहिली, आणि आजीकडून ऐकलेल्या जात्यावरच्या ओव्या व वडिलांच्या भजनी मंडळातली भजने आपल्याला येतात, तेव्हा अशा ठिकाणी परक्या माणसाने जावे का, आणि तिथे मराठी गाणे म्हटले तर ते लोकांना रुचेल का. मी गेली अकरा वर्षे शेफील्डजवळ राहते आणि त्यांपैकी नऊ वर्षे अशाच एका पबच्या माडीवर भरणाऱ्या क्लबात नियमाने जाते. दोन्ही प्रश्नांना माझे उत्तर 'होय' असे आहे. फक्त पहिल्याच गुरुवारी गाऊ नये, इतकेच माझे सांगणे आहे, आणि त्याचे कारण कळण्यासाठी ती खोली कशी चालते हे आधी समजून घ्यावे लागेल.

'क्लब' या शब्दाने घाबरून जाऊ नये. सभासदत्व, शिफारस, पोशाख यांपैकी बहुतेक ठिकाणी काहीही लागत नाही. पबच्या मालकाने आठवड्यातून एका रात्री मागची किंवा वरची खोली दिलेली असते, बहुधा भाड्याशिवाय, कारण आलेले लोक खाली काही ना काही विकत घेतात. म्हणून आपण मद्य घेत नसलात तरी लिंबाचे सरबत किंवा संत्र्याचा रस अवश्य घ्यावा. आपल्या पेल्यात काय आहे याची चौकशी कोणी करत नाही. खोलीत तीस-चाळीस खुर्च्या असतात. रंगमंच नसतो, ध्वनिक्षेपकही बहुधा नसतो, आणि दाराजवळच्या टेबलावर एक स्वयंसेवक वही आणि पैशांचा डबा घेऊन बसलेला असतो. आपण गाणार आहात का, असे तो विचारेल. त्या वहीत नाव लिहिले की रात्रीच्या क्रमात आपली पाळी लागते, आणि नाव लिहिले नाही तर कोणी आग्रह करत नाही.

दाराविषयी एक गोष्ट मी स्वतःच्या अनुभवावरून सांगते. पहिल्या रात्री मला उशीर झाला होता आणि मी दार ढकलून सरळ आत गेले, तेव्हा एक वृद्ध गृहस्थ डोळे मिटून, कोणत्याही वाद्याविना, एक लांबलचक कथागीत म्हणत होते. बिजागरी करकरली, आणि त्या शांततेत तो आवाज किती मोठा होता हे मला आजही आठवते. कोणी रागावले नाही. पण पुढे मला समजले की इथे गाणे चालू असताना कोणी आत येत नाही आणि बाहेरही जात नाही. आलेला माणूस जिन्यावर थांबतो, टाळ्या ऐकू आल्या की मग आत शिरतो. खाली पबमध्ये कितीही गलका असो, माडीवर गाणे सुरू झाले की कुजबुजही होत नाही. ध्वनिक्षेपकाशिवाय गाणे शक्य होते ते या शांततेमुळेच, आणि माझ्या मते या क्लबांची खरी कमाई म्हणजे हे ऐकणे होय.

रात्री दोन प्रकारच्या असतात. एक 'सिंगर्स नाइट', म्हणजे आलेल्यांपैकी ज्यांना गायचे आहे त्यांनी एकेक किंवा दोनदोन गाणी म्हणायची. खुर्च्या गोलाकार मांडून क्रमाने सर्वांना पाळी दिली तर तिला 'सिंगअराउंड' म्हणतात. दुसरी 'गेस्ट नाइट', जिच्यात बाहेरून बोलावलेला कलावंत मध्यंतराच्या आधी आणि नंतर गातो, आणि त्याच्यापूर्वी क्लबातले दोन-तीन जण दोनदोन गाणी म्हणतात. त्यांना 'फ्लोअर सिंगर' असे नाव आहे. मध्यंतरात रॅफलची, म्हणजे बक्षिसांच्या सोडतीची, तिकिटे विकली जातात, आणि पाहुण्याचे मानधन पुरे पडण्यात त्या रॅफलचा वाटाही असतो. ज्या माणसाने शेकडो लोकांच्या महोत्सवात गायलेले असते, तोच इथे आपल्यापासून पाच फुटांवर उभा राहून गातो आणि मध्यंतरात आपल्या शेजारी येऊन बसतो. दोन गाण्यांमधले बोलणेही इथे कलेचाच भाग मानले जाते: गाणे कुठून आले, कोणाकडून मिळाले, त्यातली बोट कुठल्या बंदरातली होती, हे गायक सांगतो. विनोदकार म्हणून प्रसिद्ध झालेले बिली कॉनली हे मूळचे स्कॉटलंडमधल्या फोक क्लबांतले गायक आणि बँजोवादक. गाण्यांमधले त्यांचे बोलणे वाढत गेले आणि तेच त्यांचे मुख्य काम झाले.

आता ज्या गोष्टीसाठी मी 'आधी ऐका' म्हणते तिच्याकडे येते. या क्लबांत श्रोते गप्प बसून केवळ ऐकत नाहीत. गाण्याचे पालुपद आले की सगळी खोली गाऊ लागते. आपल्याकडे पोवाड्यात किंवा गोंधळात झीलकरी जशी झील धरतात तसेच हे काम आहे, फरक इतकाच की इथे झीलकरी वेगळे नेमलेले नसतात आणि ते सर्व एकाच सुरात गात नाहीत. कोणी मूळ चाल धरतो, कोणी तिच्या वरून जातो, कोणी खालच्या खर्जातून येतो, आणि हे कोणी कोणाला शिकवलेले नसते. ससेक्समधल्या रॉटिंगडीन गावच्या कॉपर घराण्यात अशी दोन आवाजांची गाणी पिढ्यान्‌पिढ्या गायली गेली. १८९८ मध्ये केट ली या संग्राहिकेने त्या घरातल्या दोघा भावांकडून ती लिहून घेतली, आणि त्याच वर्षी लंडनमध्ये फोक-साँग सोसायटी स्थापन झाली. शेफील्डच्या पश्चिमेकडच्या खेड्यांत हिवाळ्यात याचेच आणखी भव्य रूप दिसते: ११ नोव्हेंबरनंतरच्या रविवारपासून नाताळापर्यंत पबांमध्ये जुनी स्थानिक नाताळगीते गायली जातात, त्यांतल्या कित्येकांच्या चाली चर्चमध्ये ऐकू येत नाहीत, आणि डंगवर्थच्या पबात तर उभे राहायला जागा मिळत नाही. आपण इतक्या जवळ आहात तर ते एकदा ऐकावेच. एवढ्या आवाजांच्या मधोमध उभे राहिल्यावर अंगावर जो काटा येतो, तो मला आळंदीच्या वाटेवरच्या दिंडीखेरीज दुसरीकडे कुठे आलेला नाही.

या गाण्यांचा मार्ग सरळ नाही, आणि आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्या मार्गातच आहे. १९०३ मध्ये सॉमरसेट परगण्यातल्या हँब्रिज गावी लोकगीतांचे संग्राहक सेसिल शार्प यांनी धर्मोपदेशकाच्या बागेत काम करणाऱ्या जॉन इंग्लंड नावाच्या माळ्याला गाताना ऐकले आणि ते गाणे टिपून घेतले; तिथून त्यांचे संग्रहाचे काम सुरू झाले. संगीतकार पर्सी ग्रेंजर यांनी १९०६ पासून लिंकनशरमध्ये मेणाच्या नळकांड्यांवर गायकांचे आवाज ध्वनिमुद्रित केले. हे सर्व गाणे मात्र बराच काळ शाळांत, वाद्यवृंदांत आणि ग्रंथालयांत राहिले. पबच्या खोलीत ते परत आले दुसऱ्या महायुद्धानंतर, आणि त्याला निमित्त झाले अमेरिकन गाण्याचे. १९५६ च्या सुमारास गायक लॉनी डॉनेगन यांच्यामुळे 'स्किफल' नावाची लाट आली, स्वस्त गिटार आणि धुण्याची फळी घेऊन हजारो मुले अमेरिकन मजुरांची गाणी गाऊ लागली, आणि लाट ओसरल्यावर त्यांतल्या काहींनी आपल्याच गावाची गाणी शोधायला घेतली. हल शहरातल्या वॉटरसन भावंडांची कहाणी अशीच आहे: स्किफलपासून सुरुवात, मग स्वतःचा क्लब, आणि मग वाद्याविना गायलेली यॉर्कशरची गाणी.

त्या काळात लंडनमधल्या एका क्लबात यूअन मॅकॉल आणि पेगी सीगर या गायकांनी एक नियम घातला: व्यासपीठावरून गाणाऱ्याने स्वतःच्या भाषेतले, स्वतःच्या परंपरेतले गाणे गावे. लंडनच्या मुलाने टेक्ससच्या गुराख्याचा आव आणू नये, असा त्यामागचा विचार होता, आणि १९६१ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या सिंगर्स क्लबातही तो पाळला गेला. पुष्कळांना तो जाचक वाटला, आणि दुसऱ्याचे गाणे प्रेमाने शिकणाऱ्याला दार बंद करणे मलाही पटत नाही. आज तो नियम लावणारा क्लब माझ्या पाहण्यात नाही. तरीही त्या नियमाने एक सवय मागे ठेवली आहे, ती म्हणजे 'तुझ्या घरचे काय आहे?' हे विचारण्याची, आणि ती आपल्यासारख्यांच्या फार उपयोगाची आहे. आपण इंग्रजी गाणे बसवून गेलात तर लोक सौजन्याने ऐकतील. आजीची ओवी म्हटलीत तर ते खुर्चीत पुढे सरकून ऐकतील.

मी पहिल्यांदा गायले ते सातव्या की आठव्या खेपेला. वहीत नाव लिहिले, पाळी आली तेव्हा उभी राहिले, आणि जाते म्हणजे काय ते सांगितले: दोन दगडी तळ्या, लाकडी खुंटा, पहाटेची वेळ, समोरासमोर बसलेल्या दोघी बायका, आणि दळणाच्या फेऱ्यावर चालणारी ओवी, जिच्यात माहेर, भाऊ, विठ्ठल, सासूचा जाच सारेच येते. मग चार ओव्या म्हटल्या. गाणे संपल्यावर क्षणभर कोणीच टाळी वाजवली नाही, आणि मला वाटले की चुकलेच. तेवढ्यात समोर बसलेल्या स्कॉटलंडच्या एक बाई म्हणाल्या की आमच्याकडेही असे आहे, आणि त्यांनी बाह्य हेब्रिडीज बेटांवरचे एक गेलिक गाणे धरले. तिथे विणलेले लोकरी कापड घट्ट करण्यासाठी बायका टेबलाभोवती बसून ते तालात आपटत असत. एकीने ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी अर्थ नसलेल्या अक्षरांचे पालुपद म्हणायचे. त्यांच्यानंतर कोणीतरी नांगराची साखळी ओढताना म्हणायचे खलाशांचे गाणे म्हटले. अर्धा तास खोलीत केवळ कामाची गाणी चालली होती, आणि ते कोणी ठरवलेले नव्हते. आमच्या मावळातल्या बायका पहाटे एकमेकींना ऐकवत होत्या ते इतक्या दूरच्या लोकांना परके वाटले नाही, याचा आनंद मला अजून आहे. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर या संशोधकांनी खेडोपाडी फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आहेत, आणि त्यांतल्या अनेकांचे ध्वनिमुद्रण 'पारी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या ग्रामीण भारताच्या संग्रहाच्या संकेतस्थळावर ऐकता येते. आजीच्या ओव्या अर्धवट आठवत असतील तर तिथे त्यांच्या जवळचे पाठ सापडण्याची शक्यता आहे.

भजनाविषयी मात्र आपण आपल्या मनाला विचारावे. जिथे पेले भरले जातात तिथे अभंग म्हणणे काहींना रुचत नाही, आणि त्या संकोचाचा मी आदर करते. मी स्वतः पबमध्ये अभंग म्हणत नाही, परंतु शनिवारी दुपारी ग्रंथालयात भरणाऱ्या सिंगअराउंडमध्ये म्हणते. गजर मात्र तिथे अप्रतिम जमतो, कारण नाम एकदा सांगितले की सर्वांना ते धरता येते. इथे एक सावधगिरी बाळगावी. लोक झील धरतील ती आपल्याच सुरात धरतील असे नाही. कोणी तिसऱ्या स्वरावरून, कोणी पाचव्यावरून येईल, आणि एकसुरी साथीची सवय असलेल्या आपल्या कानाला षड्ज सुटल्यासारखे वाटेल. माझा सूर असाच एकदा हलला होता. तेव्हापासून मी एकतारी सोबत नेते. ढोलकी त्या लहान खोलीत फार मोठी होते. दिमडी किंवा टाळ पुरे. क्लबात एखादा गिटारवादक 'डॅडगॅड' जुळणीत वाजवणारा असेल तर त्याला साथ करायला सांगून पाहावे. गिटारवादक डेव्ही ग्रॅहम यांनी मोरोक्कोतल्या वादकांबरोबर वाजवता यावे म्हणून १९६० च्या दशकाच्या आरंभी ती जुळणी रूढ केली, आणि तिच्या सहा तारा षड्ज डी धरला तर सा, प, सा, म, प, सा अशा लागतात. तिच्यात गंधार नसल्यामुळे ती आपल्या बहुतेक चालींच्या आड येत नाही.

अशा क्लबांची संख्या १९६० आणि ७० च्या दशकांत होती तेवढी आता राहिलेली नाही, आणि आमच्या खोलीत साठीच्या आतले लोक थोडे असतात, हेही सांगायला हवे. कित्येक पब बंद झाले, त्यांच्याबरोबर माड्याही गेल्या. त्यामुळे नवा माणूस दारात दिसला की खोलीला मनापासून बरे वाटते. आपल्याला कोणी खास वागणूक देत आहे असे समजून अवघडू नये.

तेव्हा पहिले दोन-तीन गुरुवार केवळ जाऊन बसावे, पालुपदे आली की गावी, आणि मध्यंतरात टेबलावरच्या स्वयंसेवकाला सांगून ठेवावे की पुढे कधीतरी मला एक मराठी गाणे म्हणायचे आहे. गाणे चार-पाच मिनिटांहून मोठे नसावे, पाठ असावे, आणि त्याचा अर्थ सुरुवातीला तीन-चार वाक्यांत सांगावा. ओळीओळीचे भाषांतर करत बसू नये, त्याने लय तुटते. पालुपद असल्यास ते एकदा हळू म्हणून दाखवावे आणि लोकांकडून म्हणवून घ्यावे. आजीचे नाव, तिचे गाव आणि ती ही ओवी कोणत्या कामाच्या वेळी म्हणत असे, हे सांगायला मात्र विसरू नये, कारण मध्यंतरात लोक आपल्याकडे येऊन नेमके तेच विचारतील.