आई-बाबांना घेऊन यलोस्टोन: खोली नक्की कुठे घ्यायची?

प्रश्न: ताई नमस्कार. आम्ही न्यू जर्सीला असतो, मी, मिस्टर आणि दोन मुलं (११ आणि ६). पुढच्या उन्हाळ्यात सासू-सासरे नाशिकहून येतायत. सासरे ७२ वर्षांचे, बीपीची गोळी चालू आहे, सासूबाईंचे गुडघे दुखतात. नायगारा-वॉशिंग्टन मागच्या खेपेला झालं, आता ग्रँड टीटन आणि यलोस्टोन ही दोन नॅशनल पार्क करायचीत. या वेळी मोटेल नको, जरा चांगल्या ठिकाणी राहू, बजेट ताणायची तयारी आहे. पण मिस्टर म्हणतात की तेवढ्याच पैशात पार्कबाहेर मस्त लक्झरी हॉटेल मिळतं, मग आतल्या जुन्या लॉजमध्ये कशाला, तिथे ना टीव्ही ना एसी. काय करावं?
(एक वाचक, एडिसन)

उत्तर: मिस्टर म्हणतात ते खरंच आहे, आतल्या बहुतेक लॉजमध्ये टीव्ही नाही, एसी नाही, वायफाय असलं तर रडतखडत, आणि फोनला रेंज येईल न येईल. तरी मी तुम्हाला आतच राहा म्हणेन, अगदी हट्टाने म्हणेन, कारण सोबत ७२ वर्षांचे सासरे आणि ६ वर्षांचं मूल आहे.

आमचंच सांगते. पहिल्यांदा गेलो तेव्हा पश्चिम गेटच्या बाहेर हॉटेल घेतलं होतं, खोली छान होती, काही तक्रार नाही. पण रोज पहाटे सगळ्यांना उठवायचं, दिवसभर गाडीत, आणि परतताना एका संध्याकाळी रस्त्यात बायसनचा, म्हणजे तिथल्या रानरेड्यांचा, कळप उभा राहिला, पाऊण तास गाडी हलली नाही. बाबांना बाथरूमला जायचं होतं, ते बिचारे काही बोलले नाहीत पण चेहऱ्यावर दिसत होतं. बायसनपासून २५ यार्ड आणि अस्वल-लांडग्यांपासून १०० यार्ड लांब राहायचा नियम आहे, त्यामुळे गाडीतून उतरून कुठे जाणार. त्या चार दिवसांत आईने दुपारी एकदाही पाठ टेकली नाही.

दुसऱ्या खेपेला आत राहिलो, ओल्ड फेथफुल इनला. दुपारी जेवून आई खोलीत जाऊन आडवी झाली, साडेचारला उठून चहा घेतला आणि शाल गुंडाळून दुसऱ्या मजल्यावरच्या उघड्या डेकवर बाकावर जाऊन बसली. समोरच ओल्ड फेथफुल गीझर, म्हणजे जमिनीतून उकळत्या पाण्याचा फवारा उडवणारा झरा. आधी दोन-तीनदा पाणी थोडंसं उसळतं आणि परत खाली बसतं, बघणाऱ्याला वाटतं झालं वाटतं, आणि मग एकदम शंभर फुटांच्या वर फवारा जातो. आई म्हणाली, कुकरची शिट्टी व्हायच्या आधी कसं फुसफुसतं अगदी तस्सं. साधारण दीड तासाने परत होतं, पुढची वेळ लॉबीत लिहिलेली असते, तर ती तिथेच बसून राहिली आणि दोनदा पाहिलं. मुलं खाली आइस्क्रीम खात होती. यासाठी द्यायचे पैसे, मला तरी वाटतं.

आणि ते हॉटेल स्वतःच बघण्यासारखं आहे हो. १९०३-०४ च्या हिवाळ्यात, म्हणजे बाहेर बर्फ पडत असताना, रॉबर्ट रीमर नावाच्या तरुण आर्किटेक्टने ते तिथल्याच लाकडांचं आणि दगडांचं उभं केलं. लॉबीचं छत सात मजली इमारतीएवढं उंच, अवाढव्य दगडी चिमणी, आणि वरच्या सज्ज्यांच्या कठड्यांना झाडाच्या वाकड्यातिकड्या फांद्या जशाच्या तशा लावल्यात. पण बुक करताना डोळ्यात तेल घालून बघा. जुन्या भागातल्या, म्हणजे ओल्ड हाउसमधल्या, बऱ्याच खोल्यांना स्वतःची बाथरूम नाही, कॉरिडॉरमध्ये कॉमन आहे आणि जिने चढावे लागतात. ते तुमच्या सासूबाईंना रात्री झेपायचं नाही. ईस्ट विंग किंवा वेस्ट विंगमधली, खोलीतच बाथरूम असलेली घ्या, आणि फोन करून खालच्या मजल्यावरची मागा.

आता उंचीचं, याचा विचार बरेच जण करतच नाहीत. आपलं कळसूबाई, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, १६४६ मीटर म्हणजे साधारण ५४०० फूट. टीटनमधलं जॅक्सन लेक लॉज ६८०० च्या आसपास, ओल्ड फेथफुल ७३०० च्या वर, आणि यलोस्टोनमधलं लेक हॉटेल ७७०० फुटांवर. म्हणजे तुम्ही जिथे झोपणार आहात तीच जागा कळसूबाईच्या माथ्यापेक्षा पार वर. म्हणून मी क्रम असा लावेन: विमानाने जॅक्सन (हा एअरपोर्टच ग्रँड टीटन पार्कच्या आत आहे, उतरल्या उतरल्या समोर डोंगर), पहिल्या तीन रात्री जॅक्सन लेक लॉज, मग दोन रात्री ओल्ड फेथफुल, मग दोन रात्री लेक हॉटेल, हळूहळू वर. पहिल्या दिवशी काहीही ठरवू नका, पाणी भरपूर प्या, आणि सासऱ्यांच्या डॉक्टरांना निघायच्या आधी नाशिकलाच विचारून घ्या, बीपीच्या गोळीसकट. उन्हाळ्यात लेक आणि ओल्ड फेथफुल दोन्हीकडे क्लिनिक चालू असतं. पण व्हिजिटर इन्शुरन्स काढल्याशिवाय निघू नका, प्लीज.

जॅक्सन लेक लॉज बाहेरून अगदी साधं, काँक्रीटचं दिसतं, १९५५ साली जॉन डी. रॉकफेलर ज्युनियरने बांधवून घेतलेलं. आत वरच्या लॉबीत गेलात की समोर भल्यामोठ्या काचा आणि त्यातून अख्खी टीटनची रांग. सासरे पेपर घेऊन तिथे सकाळभर बसतील, खाली दलदलीच्या कुरणात मूस आणि एल्क ही मोठाली हरणं चरायला येतात ते खुर्चीतून दिसतात, दुर्बीण मात्र न्या. मुलांसाठी स्विमिंग पूल आहे, आणि पायोनियर ग्रिल म्हणून नागमोडी लांबलचक काउंटरचं जुन्या पद्धतीचं रेस्टॉरंट आहे तिथला हकलबेरी मिल्कशेक पाजा. जेनी लेकवर बोटीतून फेरी होते, सासूबाईंना एक पाऊलही चढायला न लावता डोंगराच्या पायथ्याशी नेऊन आणते. जेनी लेक लॉज यापेक्षाही भारी आहे, लाकडी केबिन्स, ब्रेकफास्ट आणि पाच कोर्सचं डिनर भाड्यातच, पण ६ वर्षांच्या मुलाला पाच कोर्स बसवून ठेवायचं म्हणजे तुमचीच परीक्षा, या खेपेला नको.

लेक हॉटेल १८९१ चं, पिवळंधमक, खांबांचं, आत काचेचा मोठा सनरूम तळ्याकडे तोंड करून. इथून हेडन व्हॅली जवळ, पहाटे सहाला मिस्टर आणि मोठं मूल जाऊन बायसन बघून नऊपर्यंत परत येतील, बाकीचे झोपू देत. आतच राहण्याचा हाच फायदा, सगळ्यांनी सगळीकडे जायची गरज पडत नाही. यलोस्टोनमधल्या कॅनियनला, म्हणजे खोल दरीला, मात्र सगळे जा, आर्टिस्ट पॉइंट पार्किंगपासून जवळ, सपाट रस्ता, आणि ३०८ फुटांचा धबधबा समोर.

बुकिंगचं सगळ्यात महत्त्वाचं. यलोस्टोनच्या आतल्या लॉजचं बुकिंग सुमारे वर्षभर आधी उघडतं, दर महिन्याच्या ५ तारखेला पुढच्या वर्षीचा एक अख्खा महिना खुला होतो आणि जुलै-ऑगस्टच्या चांगल्या खोल्या पटापट जातात. तुमची ती तारीख हुकली असली तरी हाय खाऊ नका. लोक आधी बुक करून ठेवतात आणि नंतर सोडतात, त्यामुळे रोज सकाळी चहाबरोबर पाच मिनिटं साइट उघडून बघायची, सलग दोन रात्री नाही मिळाल्या तर एक-एक रात्र उचलायची, मग जोडत जायचं. आम्हाला लेक हॉटेल असंच मिळालं, निघायच्या पाच आठवडे आधी. आधी खोल्या, मग विमान, हा क्रम उलटा करू नका.

आणि हो, फी. १ जानेवारी २०२६ पासून अमेरिकेत न राहणाऱ्या, १६ किंवा त्याहून जास्त वयाच्या पाहुण्यांना यलोस्टोन, ग्रँड टीटन, योसेमिटी धरून ११ मोठ्या पार्कांत माणशी १०० डॉलर जादा लागतात, नेहमीच्या फीच्या वर. इथे राहणाऱ्यांचा वार्षिक पास ८० डॉलर, बाहेरच्यांचा २५०. सासू-सासरे दोघं आणि पार्क दोन, तेव्हा पासचा हिशोब आधीच घरी मांडा, गेटवर रांग लावून नको.

प्रश्न: आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत, अंडंसुद्धा नाही. आई बाहेरचं दोन दिवसांच्या वर खाऊ शकत नाही. एवढ्या महागड्या लॉजमध्ये राहून खायचे हाल होतील का? खोलीत स्वयंपाक करता येतो का?
(एक वाचक, डॅलस)

उत्तर: खोलीत स्वयंपाक करायला परवानगी नसते, इंडक्शन लपवून नेऊ नका, जुनी लाकडी बांधकामं आहेत, आगीची भीती खरी आहे. हॉटेलात व्हेज बर्गर, पास्ता, सलाड, सूप मिळतं पण आईला तिसऱ्या दिवशी वरण-भात आठवणारच. मी काय करते सांगते. घरून दशम्या आणि मेथीचे ठेपले पहिल्या तीन दिवसांचे, शेंगदाण्याची सुकी चटणी, लिंबाचं लोणचं, मेतकूट. त्याशिवाय घरीच भाजून फोडणी दिलेल्या रव्याचं उपम्याचं मिक्स, गरम पाणी ओतून दहा मिनिटं झाकलं की झालं. गरम पाणी हॉटेलच्या कॉफी शॉपमध्ये मागितलं की देतात, थर्मास मोठा न्या. रेस्टॉरंटमध्ये नुसता वाफवलेला भात आणि भाज्या मागा, मेन्यूत नसलं तरी बहुतेक वेळा करून देतात, वर आपलं मेतकूट आणि घरून नेलेलं तूप, आई पोटभर जेवेल. दही, फळं, दूध जॅक्सन गावातून भरून घ्या, आत पार्कमधल्या दुकानांत भाव जास्त. एकच गोष्ट कडक पाळा: अस्वलांचा भाग आहे, पिकनिकच्या टेबलावर डबा उघडा टाकून फोटो काढायला जायचं नाही, एक मिनिटही नाही, उरलेलं खरकटं अस्वलांसाठीच्या बंद झाकणाच्या कचरापेटीतच.

प्रश्न: आम्ही दोघं पुण्याहून मुलीकडे सिअ‍ॅटलला येणार आहोत. ती म्हणते कॅनडात बँफला जाऊ, तिथलं राजवाड्यासारखं हॉटेल बघायचंय. आमच्याकडे अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा आहे, तो चालेल ना?
(एक वाचक, पुणे)

उत्तर: नाही काका, चालणार नाही. भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा वेगळा व्हिजिटर व्हिसा लागतो, अमेरिकेचा असला तरी. तो पुण्यात असतानाच करून घ्या, हॉटेलचे पैसे त्यानंतर. बँफ स्प्रिंग्ज १८८८ मध्ये कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेने उघडलं, खरंच राजवाडा आहे. पण मला विचाराल तर दोन रात्री शातो लेक लुईस या तळ्याकाठच्या हॉटेलात राहा, खोली तळ्याच्या बाजूचीच घ्या, जास्त पैसे पडले तरी. उंची साधारण कळसूबाईएवढीच, त्यामुळे दमछाक कमी. जूनच्या सुरुवातीला तळ्यावर बर्फ असू शकतो, ते निळं-हिरवं पाणी बघायचं तर जुलै. मोरेन लेकला २०२३ पासून स्वतःची गाडी नेता येत नाही, शटलचं तिकीट मुलीला आधी काढायला सांगा.

प्रश्न: बे एरियात राहतो, योसेमिटीच्या अवानी हॉटेलमध्ये आई-बाबांना एक रात्र तरी ठेवावं असं फार मनात आहे, पण भाडं बघून हात मागे येतो.
(एक वाचक, फ्रीमॉन्ट)

उत्तर: मग तिथे राहू नका, तिथे जेवा. १९२७ चं हॉटेल, डायनिंग रूमचं छत ३४ फूट उंच, लाकडी तुळया आणि उंचच उंच खिडक्या, तिथे बाहेरच्या लोकांनाही जेवता येतं. सकाळचा ब्रेकफास्ट घ्या, उजेड तेव्हा सुंदर येतो, नंतर मोठ्या लाउंजमध्ये शेकोटीपाशी आई-बाबांना निवांत बसू द्या, कोणी उठवत नाही. राहायला योसेमिटी व्हॅली लॉज, धबधबा तिथून चालत. बुकिंग ३६६ दिवस आधी उघडतं. मात्र मे किंवा जूनमध्ये जा. योसेमिटी फॉल्स २४२५ फुटांचा असला तरी बर्फ वितळलं की पाणी आटत जातं, ऑगस्टमध्ये नुसता ओला कातळ बघायला मिळू शकतो आणि आई-बाबा परत एवढ्या लांब कधी येतील कोण जाणे.

प्रश्न: आई नऊवारी नाही पण साडीच नेसते, पँट घालणार नाही म्हणते. जुलैत यलोस्टोनला थंडी असते का?
(एक वाचक, शिकागो)

उत्तर: पहाटे आणि रात्री चांगलीच असते, आणि दुपारी ऊन चटचट लागतं. साडीच राहू दे, आत थर्मल लेगिंग घालायला लावा, दिसत नाही. वर स्वेटर आणि वाऱ्याचं जॅकेट, कानटोपी, पायात मोजे. चपला मात्र अजिबात नकोत, गीझरभोवतीचे लाकडी पूल वाफेने ओले असतात, रबरी सोलचे बूट शिकागोतच घेऊन आठवडाभर घरात घालून फिरू द्या. साडी घोट्याच्या जरा वर नेसायला सांगा, पायऱ्यांवर अडकत नाही.