मामाची बॅट आणि लेकीची एसआयपी

प्रश्न: मुलगी १२ वर्षांची, सातवीत, शाळेच्या सॉफ्टबॉल संघात आहे. तिला पिचर (फलंदाजाला चेंडू टाकणारी) व्हायचंय. नाताळच्या सुट्टीत न्यू जर्सीहून आलेल्या माझ्या भावाने तिला ग्लव्ह, बॅट, बॅटिंग टी (चेंडू वर ठेवून मारायचा उभा स्टँड), सरावाची मोठी जाळी आणि तिकडच्या एका ऑनलाइन कोचिंगचं वर्षभराचं सदस्यत्व (१४९ डॉलर) भेट दिलं. वर कोचिंगसाठी रोख ४० हजार. एवढं सामान आलंय तर खासगी कोच लावू, असं घरात चाललंय. फी महिना ४,५०० रुपये. त्यासाठी तिच्या शिक्षणाची ५,००० रुपयांची एसआयपी (म्युच्युअल फंडातली दरमहाची गुंतवणूक) वर्षभर थांबवावी का? यजमानांचं म्हणणं, पुढे क्रीडा कोट्यात फायदा होईल. आमचं दोघांचं मिळून उत्पन्न ९२ हजार, घराचा हप्ता ३१ हजार, अडीअडचणीला ७० हजार बाजूला आहेत. – एक आई, मुलुंड

उत्तर: ताई, एसआयपी थांबवू नका. कोच लावा, पण मे अखेरपर्यंतच, आणि भावाने दिलेल्या पैशांतून.

तुमच्या पत्रातले ‘एवढं सामान आलंय तर’ हे चार शब्द मला सगळ्यात महाग वाटले. दारात कुणी गाय आणून बांधली तरी वैरण आपल्यालाच घालावी लागते. सामान किती हजारांचं आहे हा हिशेब बाजूला ठेवा. त्यातलं मुलुंडच्या घरात वापरात काय येणार, तेवढं बघा.

बॅटिंग टी येईल. पॅसेजमध्ये टी लावून मोज्यांचे गोळे किंवा प्लास्टिकचे हलके चेंडू रोज शंभर वेळा मारले, तर फटक्याची सवय लागते आणि खर्च शून्य. जाळीचं मात्र अवघड आहे. वन बीएचकेत ती उघडली की दिवाण बाहेर काढावा लागेल. सोसायटीच्या पार्किंगमध्ये लावायचा मोह होईल, तो टाळा. सॉफ्टबॉलचा चेंडू नावालाच सॉफ्ट, बारा इंच घेराचा आणि पावणेदोनशे-दोनशे ग्रॅमचा. एका गाडीची काच फुटली की महिन्याची फी गेली, शिवाय सेक्रेटरींचं पत्र. शाळेच्या पीटीच्या सरांना विचारून जाळी शाळेतच ठेवा. सगळा संघ वापरेल, तुमच्या लेकीलाही तिथेच जास्त चेंडू मिळतील. ग्लव्ह चामड्याचा असेल तर जुलैत कपाटात बंद करून ठेवू नका, मुंबईच्या दमट हवेत त्याला बुरशी धरते.

आता पिचिंग. इथे भेटवस्तू कमी पडते आणि पैसा कामी येतो. हात पूर्ण गोल फिरवून खालून चेंडू सोडायचा, मोठ्या मुलींच्या सामन्यात ४३ फुटांवरून. व्हिडिओ बघून मुलगी नक्कल करेल, पण तिचा खांदा कुठे वाकडा जातोय हे व्हिडिओला दिसत नाही. बारा वर्षांच्या खांद्याला चुकीची सवय लागली तर पुढे फिजिओथेरपीची बिलं कोचच्या फीपेक्षा जड पडतील. म्हणून कोच पिचिंगसाठीच लावा आणि फी ठरवतानाच त्यांना तसं सांगा. बॅटिंगला टी आणि व्हिडिओ पुरेत.

त्या ऑनलाइन कोचिंगमध्ये लाइव्ह सत्रं असतील तर वेळ आधी बघा. न्यू जर्सीत हिवाळ्यात संध्याकाळचे सात म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेपाच. आणि एक गोष्ट आजच तपासा: खातं उघडताना कार्ड कुणाचं टाकलं? तुमचं असेल आणि आपोआप नूतनीकरण चालू असेल, तर पुढच्या डिसेंबरात तेरा हजारांच्या आसपास रक्कम कापली जाईल. आवर्ती व्यवहार १५ हजारांच्या आत असला की बँक दरवेळी ओटीपी विचारत नाही, २४ तास आधी फक्त सूचना पाठवते. ती सूचना आपण इतर शंभर मेसेजसारखीच सरकवून टाकतो. वर परकीय चलनाची आकारणी आणि तिच्यावर जीएसटी. नूतनीकरण आत्ताच बंद करा, वर्षभराचं सदस्यत्व तरीही चालूच राहतं.

एसआयपीचं गणित असं. वर्षभर थांबवली तर ६० हजार गुंतवायचे राहतात. लेक अठरा वर्षांची होईपर्यंत सहा वर्षं आहेत. सरासरी १० टक्के वाढ धरली (हमी अर्थातच नाही), तर कॉलेजच्या वेळी साधारण एक लाख रुपये कमी पडतील. आणि ‘वर्षभर थांबवलेली’ एसआयपी बाराव्या महिन्यात पुन्हा सुरू झालेली मी फार कमी घरांत पाहिली आहे.

भावाच्या ४० हजारांवर कर नाही. मामा आयकर कायद्याच्या व्याख्येत नातेवाईक आहे, त्यामुळे रक्कम कितीही असली तरी चालते. खेळाच्या सामानाचा तर प्रश्नच नाही. कोचिंगची फी मात्र ८०सी मध्ये दाखवू नका. ती वजावट शाळा-कॉलेजच्या पूर्णवेळ शिक्षणाच्या ट्यूशन फीला आहे, मैदानावरच्या कोचला नाही.

फी आणि रिक्षा-लोकल मिळून महिना ५,३०० धरा. जानेवारी ते मे २६,५०० होतात. उरलेल्या १३,५०० मध्ये स्टडचे बूट आणि स्पर्धांचा प्रवास. बूट महागाचे घेऊ नका, पुढच्या वर्षी पाय वाढणारच आहे. जूननंतर कोच चालू ठेवायचा तर फी तुमच्या पगारातून जाणार. तेव्हा जानेवारीपासूनच दरमहा २,००० रुपये आवर्ती ठेवीत टाकून बघा. पाच महिन्यांत एकदाही चुकलं नाही, तर जूनमध्ये निदान दोन हजारांचा भार झेपेल हे कळेल, बाकीच्याचं तेव्हा बघू. दोनदा चुकलं, तर उत्तर तुम्हालाच मिळालं.

यजमानांना सांगा, राज्य सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे, हे खरंच. पण त्याला ठरावीक पातळीवरची कामगिरी आणि पडताळलेलं प्रमाणपत्र लागतं. लेक अजून १४ वर्षांखालच्या गटात आहे. तो कोटा आजच्या हिशेबात धरणं म्हणजे बाजारात तुरी. ऑलिंपिकचंही तसंच: सॉफ्टबॉल पॅरिसला नव्हता, २०२८ ला लॉस एंजेलिसला परत येतोय. मुलीने टीव्हीवर जरूर बघावं, बजेट त्यावर आखू नये.

मला खरी काळजी त्या ७० हजारांची वाटते. ३१ हजारांचा हप्ता आणि घरखर्च धरला तर ते जेमतेम महिनाभर पुरतील. दिवाळीचा बोनस, ट्यूशनचे जादा पैसे, जे काही मिळेल ते आधी तिथे जाऊ द्या, निदान तीन महिन्यांची सोय होईपर्यंत. लेकीच्या खेळाला सगळ्यात मोठा धोका याच ठिकाणी आहे. एक पगार दोन महिने अडकला तर पहिली बंद होते ती मुलांच्या कोचची फी.

आणि बॅट तिला जड जाते का, ते सरांकडून या आठवड्यातच बघून घ्या, तेही तिने बॅटने एकही चेंडू मारायच्या आत. तिकडची बरीच दुकानं सुट्टीतली खरेदी जानेवारीपर्यंत बदलून देतात, पण न वापरलेलीच. भाऊ विमानात बसण्याआधी पावती मागून घ्या.